बघायला पैसे पडत नाहीत

बिरू झोपलेला नव्हता, डोळे मिटून पडला होता एवढंच. रात्रभर कंपनीच्या गेटवर बसून सकाळी साडेआठला खोलीवर यायचं, चहा घ्यायचा, पायांवर पाणी ओतायचं आणि आडवं व्हायचं. पण झोप काही बोलावून येत नाही. ती दहाच्या सुमाराला येते, तोवर वरचा पत्रा तापलेला असतो, आणि मग पत्राच तिला हाकलून देतो. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. वरव्यातली ही भाड्याची खोली, तिला एकच दार, आणि दाराबाहेर उंबऱ्यावर त्याची दोन्ही पोरं बसलेली, दहा वर्षांची प्रांजल आणि सहा वर्षांचा स्वरूप. बायको कोमल पहाटेच महामार्गावरच्या मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला गेली होती. मे महिना, तिथी दाट. संध्याकाळी ती यायची ती कंबर धरूनच. रविवार होता, पण तो पोरांचा. बिरूला रात्री आठला परत गेटवर हजर व्हायचं होतं. अशात गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजली.

"ताई, कुल्फी," स्वरूप म्हणाला. "पप्पांना इचारू?"

"इचारू नको. झोपल्यात."

"उठल्यावर?"

"उठल्यावर पण नको. ते न्हाई म्हणत्यात, आन् मग त्यांचं त्वांड एवढंसं होतं. मी बघितलंय." मग प्रांजल मास्तरणीसारखा आवाज काढून म्हणाली, "कायतरी पायजे असं वाटलं ना, की थोडा वेळ गप बसायचं. श्वास धरायचा. जातं ते."

"कुठं जातं?"

"जातं. उचकी कशी जाते, तसं."

बिरूच्या मिटल्या डोळ्यांपुढे स्वरूपचे फुगलेले गाल आले. घंटा खालच्या आळीकडे गेली, बारीक झाली. "गेलं?" प्रांजलनं विचारलं. "गेलं," स्वरूप म्हणाला आणि भस्सकन श्वास सोडला, आणि दोघं हसली.

बिरूला आधी रागच आला. कोणाचा ते कळेना म्हणून तो भिंतीकडे वळला. भिंत गरम होती. दहा वर्षांची पोर, हिला हे कोणी शिकवलं? हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण शिकवणारा इथंच चटईवर पडला होता. नाही म्हणताना आपलं तोंड एवढंसं होतं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. त्याची समजूत अशी की आपण हसतखेळत वेळ मारून नेतो. मागच्या दिवाळीपासून प्रांजलनं काही मागितलं नव्हतं, आणि तो चारचौघांत सांगायचा, आमची पोरगी लई समजूतदार, एक शब्द मागत नाही. कोमल अशा वेळी त्याच्याकडे नुसती बघायची. आता त्या बघण्याचा अर्थ लागायला लागला तसा त्याला घाम फुटला, पत्र्यामुळे फुटला असेल असंही त्याला वाटून गेलं. त्यानं कधी लेकीवर हात उगारला नव्हता, दारूला शिवला नव्हता, पगार घरात आणून देत होता. आणि ह्या सगळ्याच्या आत बसून पोर श्वास धरायला शिकली होती.

तो उठून बसला. "चला," म्हणाला, "भोरला जाऊ. आनंदमेळा आलाय."

"तुमची झोप?" प्रांजल म्हणाली.

"झोप गेली उडत."

डबल ड्यूटीची पाचशेची नोट त्याच्या पाकिटात होती. कोमलला सांगायची राहिली होती, किंवा त्यानंच राहू दिली होती. शर्ट अडकवताना त्यानं मनाशी एकच ठरवलं. आज हिनं आपल्या तोंडानं काहीतरी मागितलं पाहिजे. काहीही. आणि मागेल ते द्यायचं. बाकी दिवस कसाही जाऊ दे.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर पुढून तिकिटं फाडत यायला लागला तसं प्रांजलनं स्वरूपला उचलून मांडीवर घेतलं, त्याचे पाय आत मुडपले, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं. पाच वर्षांच्या आतल्याला तिकीट नसतं. "ह्याचं वय?" कंडक्टरनं विचारलं, आणि बिरूनं तोंड उघडायच्या आत प्रांजल म्हणाली, "चार पुरी झाली शिमग्याला." तिच्या आवाजात एवढीही भीती नव्हती. कंडक्टरनं त्या लांबलचक चार वर्षांकडे एकदा बघितलं, एक पूर्ण आणि एक अर्धं फाडलं आणि पुढं गेला. हेही बिरूनंच शिकवलेलं. प्रांजल स्वतः दीड-दोन वर्षं चारचीच होती. मग एकदा एका कंडक्टरनं तिला बेचा पाढा विचारला आणि तिनं हौसेनं सगळा म्हणून दाखवला. तेव्हा गाडीभर हसू झालं होतं, बिरूही हसला होता. आज त्याला हसू येईना. कापूरव्होळला गाडी वळली, वारा आत आला, आणि रात्रभर जागलेले डोळे त्या वाऱ्यानं चुरचुरायला लागले.

ह्याच भोरला तो बापाबरोबर यायचा, पण पलीकडच्या बाजूनं. हिर्डोशीच्या वर डोंगरात त्यांची धनगराची वस्ती, चार घरं आणि म्हशी. बाप, गेनबा, तुपाचा डबा डोक्यावर घेऊन पहाटे उतरायचा आणि भोरच्या बाजाराला बिरूला संगं घ्यायचा. बाजारात शिरायच्या आधी एका लिंबाखाली थांबून सांगायचा, "पोटभर बघून घे. बघायला पैसं पडत न्हाईत." आणि बिरू बघायचा. एका दुकानात काचेमागं तीन सेलची बॅटरी उभी असायची, चकचकीत, गळ्यापाशी लाल पट्टी. वस्तीवर तेव्हा वीज नव्हती. रात्री म्हशीकडं जाताना बाप चूड पेटवायचा. ती बॅटरी बिरूनं तीन वर्षं बघितली, एकदाही मागितली नाही, आणि चौथ्या वर्षी ती तिथं नव्हती. बाप वाईट नव्हता. बापानं जे होतं ते दिलं, आणि बापाकडं देण्यासारखं बघणंच होतं. पुढं बिरूनं तेच आपल्या पोरांना दिलं, वर थोडा मसाला लावून. रविवारी कुठंतरी बघायला जायचं. सारोळ्याला पुलाच्या अलीकडं उभं राहून गाड्या बघायच्या. सोळा चाकांचा ट्रक आधी ज्याला दिसेल तो राजा. लग्नाची वरात निघाली की तिच्या कडेकडेनं घोड्याबरोबर चालायचं. एकदा तर महामार्गालगतच्या नव्या स्कीमचा नमुन्याचा फ्लॅट बघायला चौघं चांगले कपडे घालून गेली होती. तिथल्या पोरीनं 'या सर' म्हटलं, चहा दिला, बिस्किटं दिली. प्रांजलनं एका खोलीत जाऊन पलंगावर बसून बघितलं, खिडकीचा पडदा सरकवला, उशीला हात लावला, मग उठून चादरीची सुरकुती तळहातानं नीट केली आणि म्हणाली, "झालं बघून. चला." त्या दिवशी चौघं रस्ताभर हसत आली होती. खोटं कशाला बोला, मजा आली होती. फक्त चादर नीट करणारा तो हात आत्ता, गाडीत, त्याला दिसत राहिला.

आनंदमेळा भरदुपारीच सुरू होता. माणसं कमी, गाण्यांचा आवाज जास्त. मोठा पाळणा अर्धा रिकामा फिरत होता. स्वरूपनं आधी बहिणीकडे बघितलं, बहिणीनं बापाकडे बघितलं, बापानं मान हलवली, मग बहिणीनं मान हलवली, तेव्हा कुठं स्वरूप जंपिंगच्या जाळीवर चढला. चार उड्या मारण्यासाठी केवढी ही परवानगीची उतरंड, बिरूच्या मनात आलं.

"तू पाळण्यात बस," तो प्रांजलला म्हणाला.

"मला चक्कर येते."

"कधी बसलीयस?"

"तुमीच सांगितलंय. पाळण्यात चक्कर येते, आन् नट ढिले असत्यात."

"बरं, मग गोळा खा. काला खट्टा."

"त्याचा बर्फ गटारीच्या पाण्याचा असतोय." हेही त्याचंच. "फुगे फोडायचे?" "ती बंदूक वाकडी असती." तेही त्याचं. एकेक करून त्याची सगळी वाक्यं ती त्याच्या हातावर परत ठेवत होती, न चुरगळता, जशी घेतली तशी. इतक्या वर्षांत आपण एवढं खोटं बोललो हे त्याला माहीतच नव्हतं. प्रत्येक वेळी ते तेवढ्यापुरतंच असायचं, पोर रडू नये म्हणून. पोर रडलीही नव्हती. पोरीनं सगळं खरं धरून जपून ठेवलं होतं. किंवा खरं धरलंच नव्हतं, फक्त बापाला उपयोगी पडावं म्हणून जपलं होतं.

त्यानं जाऊन पाळण्याचं तिकीट काढलं आणि तिला दंडाला धरून डब्यात बसवलं. ती नको म्हणाली नाही. पाळणा वर गेला. खाली उभा राहून डोळ्यांवर हात धरून तो बघत होता, आणि दर फेरीला ती त्याच्यासमोरून खाली यायची तेव्हा तिचे डोळे घट्ट मिटलेले असायचे, ओठ आत घेतलेले. दोन्ही हात दांडीवर. भीती म्हणावी तर भीतीही नव्हती. एखादं काम अंगावर पडलं की बायका ते उरकतात, तशी ती उरकत होती. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, डोळे उघड, वरून नदी दिसते, राजवाडा दिसतो. पण गाण्यापुढं त्याचा आवाज पोचला नसता. पाळणा थांबला, ती उतरली, फ्रॉक नीट केला.

"झालं," म्हणाली. "बरं वाटलं का तुमाला?"

आणि तिथं बिरूचा तोल गेला. झोप नव्हती, ऊन होतं, गाण्याचा ठोका कानशिलात बसत होता. पण ती सगळी निमित्तं. "अगं, माग की कायतरी!" तो ओरडला. "माग म्हणतोय ना तुला! बाप हाय मी तुजा!" गोळेवाल्यानं किसणं थांबवून बघितलं. जंपिंगवरचा स्वरूप उड्या मारायचा थांबला आणि जाळीवर आपोआप वरखाली होत राहिला. प्रांजल घाबरली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, पाळणा, गोळा, फुगे, बंदूक, सगळ्यांवरून नजर फिरवली, बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर कुठं लिहिलेलं सापडतंय का अशी. मग हळूच म्हणाली, "काय मागू? काय मागितलं की तुमाला बरं वाटंल?"

तो दमला. रात्रपाळीची दमणूक वेगळी असते, ती झोपेनं जाते. ही तसली नव्हती. तिघं चालत स्टँडवर आली. नोट मोडली होती पण बरीचशी उरली होती, आणि ती उरली ह्याचंच त्याला वाईट वाटत होतं. पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसली. परतीच्या गाडीला अवकाश होता. स्वरूपला मांडीवर डुलकी लागली. बिरूचेही डोळे ओढत होते, आणि त्या गुंगीत त्याला कंपनीनं दिलेली बॅटरी दिसली, गेटवरच्या खुंटीची. पहिल्या रात्री ती हातात आली तेव्हा अख्ख्या कंपाउंडला त्यानं दोनदा फेरी मारली होती, काही कारण नसताना, भिंतीवर, झाडांवर, पत्र्यांवर उजेड पाडत. चौतीस वर्षांचा बाप्या. सुपरवायझरनं विचारलं, काय झालं? काही नाही सर, म्हणाला, आवाज आल्यागत वाटलं.

"बिरू न्हवं रं तू? धोंडाबाईचा?"

त्यानं डोळे उघडले. गाठोडं काखेत धरून सखूबाई उभी होती, वस्तीवरची, त्यांच्या घराला लागून घर असलेली. समोर हिर्डोशीची गाडी लागली होती, दिवसाची शेवटची.

"व्हय मावशी. बाजाराला आल्तीस?"

"दवाखान्यात आलते. आरं, तुला कळलं का न्हाई? तुमची म्हस याली की परवा रातच्याला. रेडी झालीया. कपाळावर ह्यो एवढा चांद." तिनं प्रांजलच्या कपाळावर बोट टेकवून दाखवलं. "तुजी आय चीक काढून बसलीया. म्हणती, नातवंडं आली आस्ती तर खरवस केला आस्ता. आता उंद्यापतुर चीक, मंग दूधच."

"आजीच्या हातचा?" प्रांजल म्हणाली.

"मंग काय माज्या?" सखूबाई हसली. "आन् ती रेडी लई खोडकर. बोट दिलं की चोखती बग. सोडंनाच." आणि गाडीकडं वळली, कारण ड्रायव्हर चढला होता.

प्रांजल उभी राहिली होती. कधी उभी राहिली ते बिरूनं बघितलं नव्हतं. तिचं तोंड उघडं होतं, डोळे उघडे होते, आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती, गाडीकडं बघत होती.

"पप्पा, आपुन जाऊया? आत्ता. ह्याच गाडीनं."

"काय?"

"मला रेडी बघायचीय. न्हाई, बघायची न्हाई. मला तिला धरायचंय. माझं बोट द्यायचंय."

"न्हाई," बिरू म्हणाला. "ड्यूटी हाय."

शब्द आधी बाहेर पडला आणि मग त्याला ऐकू आला. एक खाडा झाला की गेटवर दुसरा माणूस, असं सुपरवायझर दर आठवड्याला सांगायचा, ते खरंच होतं; पण त्या क्षणी बिरूच्या डोक्यात सुपरवायझर नव्हता, ड्यूटी नव्हती, काहीच नव्हतं. मागितलं की नाही म्हणायचं, एवढी जिभेला सवय होती. दिवसभर ज्याची वाट बघितली ते समोर आलं आणि त्यानं ते ओळखलंही नाही.

"बरं," प्रांजल म्हणाली.

आणि खाली बसली. ओठ मिटले, गाल जरासे फुगले. ती काय करते आहे हे ह्या स्टँडवर फक्त त्याला माहीत होतं. गाडी मागं आली, वळली. घंटी वाजली, एकदा, दोनदा. त्यानं उठायला हवं होतं, पण मांडीवर स्वरूप होता, आणि पाय जड होते, आणि नाही म्हटल्यावर परत हो म्हणायला एक वेगळी ताकद लागते, ती कुठून आणायची हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मग, फाटकातून बाहेर पडल्यावर, त्याला सुचलं की पोरांना सखूबाईबरोबर बसवून देता आलं असतं. एवढं साधं. वस्तीवर पोरं आठवडाभर राहिली असती, फुकट राहिली असती. तो धावत फाटकापर्यंत जाण्यासाठी अर्धवट उठला, तोवर गाडी वळणाआड गेली होती.

तेव्हा प्रांजलचा श्वास सुटला. तो नेहमीसारखा सुटला नाही. आधी एक बारीक आवाज आला, मग हुंदका, आणि मग तिनं दोन्ही पाय जमिनीवर आपटले. "मला जायचं व्हतं!" ती ओरडली. "मला जायचं व्हतं! तुमीच म्हणला माग, माग! आन् मागितलं की न्हाई म्हणता!" तिनं चप्पल काढून फेकली. दुसरीही फेकली. दोन्ही फलाटाखाली जाऊन पडल्या. माणसं बघायला लागली. दहा वर्षांची पोरगी दोन वर्षांच्या पोरासारखी नाक, तोंड, डोळे सगळं वाहू देऊन रडत होती, आणि मध्येच श्वास अडकला की पुन्हा पाय आपटत होती. बिरूला तिचं हे रूप माहीतच नव्हतं. बघून त्याच्या काळजात कळ उठली, आणि त्या कळेतच कुठंतरी त्याला असं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

शेजारच्या बाकावरच्या बाईनं टोकलं. "अवो दादा, गप करा की पोरीला."

"रडू द्या," बिरू म्हणाला. "लई दिसांनी रडतीया."

गलक्यानं स्वरूप जागा झाला. त्यानं डोळे चोळले, बहिणीकडं बघितलं, आणि बापाच्या मांडीवरून उतरून तिच्यापाशी गेला. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून समजावत म्हणाला, "ताई, थोडा वेळ गप बस. श्वास धर. जातं."

"न्हाई जात!" प्रांजल त्याच्यावर किंचाळली. "कायच जात न्हाई! सगळं तसंच ऱ्हातं!"

स्वरूप बघतच राहिला. मग त्याचाही ओठ वाकडा झाला. बिरू उठला, फलाटाखाली वाकून दोन्ही चपला काढल्या, धूळ झटकली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. पायात चपला चढवायला लागला तसा तिनं पाय मागं ओढला. त्यानं ओढू दिला.

"काय काय ऱ्हायलंय?" त्यानं विचारलं.

ती नाक ओढत राहिली. मग, त्याच्याकडं न बघता, रागानं म्हणाली, "ती कुल्फी. हिरवी."

"अजून?"

"गोळा. आन् निळा कंपास, सहलीचे पैसे, त्या सहलीला मी गेलेच न्हाई. आन् पाळण्यात परत बसायचं, डोळं उघडं ठिवून." हुंदक्यात शब्द अडत होते, पण थांबत नव्हते. दुसरीतला वाढदिवस निघाला, घोड्यावर बसायचं राहिलेलं निघालं, त्या फ्लॅटमधली खिडकीची खोली निघाली. वरव्याची गाडी लागली. लोक चढले. कंडक्टरनं दोनदा हाक दिली. बिरू उकिडवाच बसून होता. हातात दोन चपला, खिशात उरलेले पैसे, आणि यातलं बहुतेक काहीच त्याला कधी देता येणार नव्हतं.

"अजून?" त्यानं विचारलं.